नाताळचा फराळ आणि शेजारधर्म

डिसेंबर महिना उजाडला, शेतांतून कापसाची वेचणी रंगांत आली आणि सकाळच्या थंडीनें बोटें आखडूं लागलीं, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांचें चित्त पुस्तकांतून निघून नाताळच्या फराळाकडे धांवूं लागतें. करंज्या, शंकरपाळे व चकल्या हे पदार्थ ख्रिस्ती घरांतून पिढ्यान् पिढ्या होत आले आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. मोबाईलच्या पडद्यावर पाहून मुलें-मुली घरच्या घरीं चॉकलेटचीं बिस्किटें भाजूं लागलीं असून, त्या बिस्किटांच्या पोटांत मार्शमॅलो नांवाची पांढरी, लुसलुशीत मिठाई भरतात. गरम बिस्किट मोडलें म्हणजे आंतून लांब तार निघते, आणि खाण्याचा निम्मा आनंद त्या तारेंतच असतो, असें मुलांचें म्हणणें आहे.

ह्या पदार्थाविषयीं पालकांत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, हें विलायती खूळ आहे, तें घरांत शिरूं देऊं नये. दुसरा म्हणतो, सण मुलांचा, पैसे आपले आणि घरही आपलें. मुलांना हवें तें करूं द्यावें. आमचें मत ह्या दोहोंहून निराळें आहे. पदार्थ देशी कीं विलायती हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो, आणि केवळ आपल्या आवडीनिवडीनें तो सोडवावा हेंही आम्हांस पटत नाहीं. नाताळांत घरीं जें कांहीं करावयाचें, तें शेजाऱ्याच्या घरीं निःशंक मनानें पाठवितां येईल कीं नाहीं, हा आमच्या मतें मुख्य प्रश्न होय.

प्रथम विलायती खुळाच्या आक्षेपाचा विचार करूं. ‘नाताळ’ हा शब्दच मुळीं पोर्तुगीज भाषेंतून मराठींत आला आहे. ज्या चकलीस आपण अस्सल देशी समजतों, तींतील मिरची कोलंबसाच्या सफरीनंतर अमेरिका खंडांतून इकडे आली. उपवासास चालणारा बटाटा हाही त्याच दिशेचा पाहुणा. वसई व गोवें येथील ख्रिस्ती घरांतून नाताळांत कुलकुलें होतात, त्यांवर पोर्तुगीज अमलाची छाप आहे. नानकटाईच्या नांवांतील ‘नान’ हा शब्द फारशी आहे, तरी तिला परकी म्हणून कोणी दारांतून परत पाठवीत नाहीं. त्याच न्यायानें पाहतां, ‘कुकी’ हा डच भाषेंतून इंग्रजींत गेलेला शब्द असून, चॉकलेटचे तुकडे घातलेली कुकी अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथें रूथ वेकफील्ड नांवाच्या बाईंनीं आपल्या खानावळींत इ. स. १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणिली. तिचें वय अद्याप शंभर वर्षांचें झालेलें नाहीं. परंतु वयानें लहान असणें हा पदार्थाचा दोष नव्हे.

वनस्पतिशास्त्राची साक्ष काढली तर हें परकेपण आणखीच कमी होतें. मार्शमॅलो हें मुळांत एका झुडुपाचें नांव आहे. तें युरोपांतील दलदलीच्या जागीं उगवतें व त्याच्या मुळांतून भेंडीसारखा बुळबुळीत चीक निघतो. आपल्याकडील हकीम त्याला खतमी म्हणून ओळखतात. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्स देशांत ह्या मुळाच्या चिकांत साखर व अंड्याचा पांढरा भाग फेसून एक मिठाई करीत, व तिनें घशास आराम पडतो असें मानीत. आतां गंमत अशी कीं, हें झुडूप ज्या कुळांतलें, त्याच कुळांत आपली भेंडी, अंबाडी व जास्वंद हीं येतात. देवळीच्या काळ्या जमिनींतला कापूसही त्याच कुळांतला. आणि ज्याच्या बियांपासून चॉकलेट होतें तें कोकोचें झाडही आधुनिक वर्गीकरणाप्रमाणें त्याच कुळांत मोडतें. बिस्किटाचें पीठ चॉकलेटचें आणि पोटांतील मिठाईचें नांव मार्शमॅलोचें; म्हणजे दोघेही आपल्या बांधावरील कापसाचे दूरचे भाऊबंदच ठरतात. ज्या विद्यार्थ्यांना हें ठाऊक नव्हतें त्यांनीं भेंडीचें व कापसाचें फूल शेजारीं ठेवून पाहावें. साम्य तत्काळ ध्यानांत येईल.

तेव्हां पदार्थाच्या परकेपणाविषयीं आमची तक्रार नाहीं. आमचें लक्ष त्याच्या पोटांत काय आहे, इकडे आहे. सांप्रत बाजारांत मिळणाऱ्या मार्शमॅलोंत त्या झुडुपाचा अंशही नसतो. साखरेचा पाक व जिलेटिन एकत्र फेसून, त्यांत हवा भरून तो तयार करतात. जिलेटिन हें जनावरांचीं कातडीं व हाडें यांपासून काढतात. तें बहुधा डुकराचें किंवा गाईगुरांचें असतें, क्वचित् माशांचेंही असतें. जिलेटिनला रंग नाहीं, वास नाहीं, चवही जवळजवळ नाहीं. माणसाच्या अंगाच्या उबेनेंच तें विरघळूं लागतें, म्हणूनच ती मिठाई तोंडांत घालतांच विरते. भट्टींत तापल्यावर आंतील हवा फुगते, विरघळलेला पाक ताणला जातो, आणि मुलांना जी तार आवडते ती तयार होते. सारांश, ज्या गुणासाठीं हा पदार्थ प्रिय झाला, तो गुण बव्हंशीं जिलेटिनचा आहे.

ह्यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. आम्हां ख्रिस्ती लोकांस अंडें वर्ज्य नाहीं, मांसही वर्ज्य नाहीं. मग जिलेटिन कां असावें? आपल्या घरांत, आपल्या ताटांत, तें वर्ज्य नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु नाताळचा फराळ आपल्या ताटापुरता कधींच नव्हता. देवळीसारख्या गांवांत दिवाळीच्या दिवशीं शेजारच्या घरून अनारसे व चिवडा येतो. ईदेच्या दिवशीं शीरखुर्म्याचा वाडगा येतो. संक्रांतीस तिळगूळ येतो. नाताळच्या सकाळीं उपासनेहून परतल्यावर, रुमालानें झांकलेलीं ताटें हातांत घेऊन आमच्या मुलांनीं त्याच दारांतून फिरावयाचें असतें. ज्या सणांत देवाचें प्रेम सर्व मनुष्यमात्रासाठीं प्रकट झालें असें आपण मानतों, त्या सणाचें ताट आपल्याच ओसरीवर थांबलें तर तो सण अर्धाच झाला.

आतां हें ताट कोणाकोणाच्या दारीं जातें तें पाहा. एका घरीं आजोबांच्या गळ्यांत तुळशीची माळ आहे. दुसरें घर महानुभाव पंथाचें आहे व तेथें मांसाचें नांवही निघत नाहीं. तिसरें जैन कुटुंब आहे. चवथें मुसलमानाचें आहे. त्याला मांस चालतें, पण डुकराचें मुळींच नाहीं, व इतर जनावराचें असलें तरी तें कोणत्या रीतीनें मारलें हें पाहावें लागतें. ह्या चारही घरांत आमच्या करंजीचें स्वागत झालें, कारण करंजींत खोबरें, रवा, साखर व वेलदोडा असतो हें सर्वांना ठाऊक होतें.

करंजी काय किंवा हें नवें बिस्किट काय, दोन्ही बंद पदार्थ आहेत. बंद पदार्थ विश्वासावर खाल्ला जातो. मटणाचें पातेलें समोर आलें तर न खाणारा माणूस हात जोडून नम्रपणें नाहीं म्हणूं शकतो. त्याला तें दिसतें, त्याचा वास येतो. बिस्किटांतील जिलेटिन दिसत नाहीं व त्याचा वासही येत नाहीं. शेजारची म्हातारी तें उचलते, कारण तें आपण दिलेलें असतें. आपल्यावरील विश्वासानें तिनें तोंडांत घातलेल्या घांसानें तिचें जन्मभराचें व्रत मोडलें, आणि तें तिला कळलेंही नाहीं, तर ती गोष्ट कांहीं लहान नव्हे. कळलें नाहीं म्हणून दुखावलें नाहीं, हा हिशेब व्यापाऱ्यासही शोभत नाहीं. मग प्रभूच्या जन्माचा आनंद वांटणाऱ्यास कोठून शोभावा?

ह्या बाबतींत पवित्र शास्त्राची शिकवण स्पष्ट आहे. करिंथ येथील मंडळींत मूर्तींपुढें ठेवलेल्या मांसाविषयीं वाद माजला होता. प्रेषित पौलानें त्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायांत त्याचा विचार केला आहे. खाणाऱ्यांचें ज्ञान खोटें आहे असें तो म्हणत नाहीं. अन्नानें मनुष्य देवाच्या अधिक जवळ जात नाहीं किंवा दूरही होत नाहीं, हें तोही मान्य करतो. तरी आपल्या मोकळीकीमुळें दुसऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीस इजा होत असेल तर ती मोकळीक आपण आनंदानें सोडूं, असा त्याचा निश्चय आहे. पौलाच्या मनांत मंडळींतील दुबळा बंधु होता, हें खरें. परंतु मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यास हाच न्याय लावूं नये असें म्हणण्यास आम्हांस कोणताही आधार दिसत नाहीं. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत ऐकल्यावर तर मुळींच दिसत नाहीं.

कांहीं पालक म्हणतील, ‘ताट देतांना सांगून टाकावें, ज्याला चालत नाहीं त्यानें घेऊं नये.’ सांगणें हें न सांगण्यापेक्षां शतपटीनें चांगलें, यांत शंका नाहीं. पण सणाच्या दिवशीं हंसतमुखानें ताट पुढें करावयाचें आणि त्याच श्वासांत ‘हें तुमच्यासाठीं नाहीं’ असें म्हणावयाचें, ही कसली मेजवानी? शिवाय ताट बहुधा सात-आठ वर्षांचें मूल घेऊन जातें. जिलेटिनचा खुलासा त्यानें दारांत उभें राहून करावा अशी अपेक्षा धरणें अन्यायाचें होईल. अशा घोंटाळ्यांत पडण्यापेक्षां सारणच बदलावें, हें सोपें व सरळ नव्हे काय?

आणि सारण बदलण्यासाठीं आम्हांस दूर देशीं जावयास नको. भाजलेल्या गोड बिस्किटाचा उत्तम नमुना आमच्याच जिल्ह्यांत आहे. वर्ध्याचा गोरसपाक कोणाला ठाऊक नाहीं? गाईच्या तुपानें खुसखुशीत झालेला, तोंडांत घालतांच विरघळणारा हा पदार्थ वर्ध्याच्या गोरस भांडाराची ओळख होऊन बसला आहे. परगांवचा पाहुणा आगगाडींत बसण्यापूर्वीं त्याचा पुडा घेतल्यावांचून जात नाहीं. वर्ध्यास गोसेवेच्या कार्याची मोठी परंपरा आहे. सेठ जमनालाल बजाज यांनीं आपल्या आयुष्याचे अखेरचे दिवस गोपुरी येथें राहून त्याच कार्यास वाहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं त्यांचा देहान्त झाला. अशा भूमींत नांवारूपास आलेल्या ह्या बिस्किटांत अंडें नाहीं, जिलेटिन नाहीं, आणि कोणत्याही धर्माच्या माणसास तें नाकारण्याचें कारण नाहीं. पीठ, तूप, साखर व भट्टी एवढ्या सामग्रीनें सर्वांचें तोंड गोड करतां येतें, ह्याचा हा रोजचा पुरावा आहे.

वर्ध्यापासून आणखी एक धडा घेण्याजोगा आहे, आणि तो एका ख्रिस्ती पुरुषानेंच घालून दिला आहे. जे. सी. कुमारप्पा हे तंजावर येथें इ. स. १८९२ मध्यें एका ख्रिस्ती कुटुंबांत जन्मले. त्यांनीं लंडनास हिशेबतपासणीचें व अमेरिकेंत अर्थशास्त्राचें शिक्षण घेतलें. डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हां महात्मा गांधींनीं त्याची जबाबदारी त्यांच्यावर सोंपविली, आणि वर्ध्याची मगनवाडी ही त्यांची कर्मभूमि झाली. घाणीचें तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ अशा साध्या वस्तूंचा त्यांनीं शास्त्रीय दृष्टीनें विचार केला. जो वस्तु विकत घेतो तो ती वस्तु कशी निर्माण झाली यालाही जबाबदार असतो, हें त्यांच्या अर्थशास्त्राचें एक मुख्य सूत्र होतें. केवळ किंमत देऊन आपण मोकळे होत नाहीं, असें ते बजावीत.

हें सूत्र आपल्या बिस्किटास लावून पाहिलें म्हणजे पोटांतील सारणाबरोबर वरच्या चॉकलेटाचाही विचार करावा लागतो. जगांतील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट व घाना ह्या दोन देशांत पिकतो. तेथील मळ्यांतून आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचीं मुलें कोयते चालवितात व ओझीं वाहतात, ही गोष्ट आतां जगजाहीर आहे. शेतकऱ्यास पडणारा कमी भाव हें त्याचें एक मोठें कारण आहे. आणि कापसाच्या भावासाठीं वर्षभर आकाशाकडे व बाजाराकडे पाहणाऱ्या वऱ्हाड-नागपूरच्या लोकांस हें दुःख समजावून सांगण्याची गरज नाहीं. कोको आपल्याकडे केरळ, आंध्र प्रदेश, कर्नाटक व तामिळनाडू ह्या राज्यांतही होतो. चॉकलेट खाऊंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. तें थोडें घ्यावें, कोठून आलें तें पुड्यावर वाचावें, आणि त्याच्या मागें कोणाचे तरी हात राबले आहेत ह्याचें स्मरण ठेवावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

नुसता उपदेश करून विद्यार्थ्यांना रिकाम्या हातीं परत पाठविणें बरें नव्हे, म्हणून एक रीत सुचवितों. गव्हाचें बारीक चाळलेलें पीठ २०० ग्रॅम, कोकोची भुकटी ३० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा व चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्यावें. तूप १२० ग्रॅम व पिठीसाखर १०० ग्रॅम हीं हातानें हलकीं व पांढरट होईपर्यंत फेसावीं. मग त्यांत पीठ मिळवून, लागेल तसें तीन-चार चमचे दूध घालून गोळा करावा. सारणासाठीं संत्र्याची बर्फी घ्यावी. नागपुरी संत्र्यास इ. स. २०१४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे, आणि आमच्या जिल्ह्यांतील आर्वी व कारंजा येथेंही संत्र्याच्या बागा आहेत. चॉकलेट व संत्रें यांचें तर फार चांगलें जमतें. बर्फीचे सुपारीएवढे गोळे करून आधीं गार करावे. मग पिठाच्या पारींत एकेक गोळा ठेवून, पुरण भरतों तसें तोंड नीट मिटावें. फट राहिली तर सारण बाहेर येऊन जळतें. भरलेलीं बिस्किटें अर्धा तास गार जागीं ठेवावीं, म्हणजे आंतलें सारण पातळ होण्यापूर्वीं वरचें कवच धरतें. इतक्या सामग्रींत सुमारें सोळा बिस्किटें होतात.

ओव्हन असल्यास १७५ अंश सेल्सिअसवर तेरा ते पंधरा मिनिटें पुरतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कुकरांत तळाला मीठ पसरावें, त्यावर जाळी ठेवावी, शिटी व रबरी कडें काढून टाकून झांकण लावावें, दहा मिनिटें मंद आंचेवर तापवावें, आणि मग बिस्किटांची ताटली आंत ठेवून वीस ते पंचवीस मिनिटें भाजावें. हें काम वडील माणसांच्या देखतच करावें. भट्टींतून काढल्यावर बिस्किटें मऊ लागतात. तीं गार होतांना खुसखुशीत होतात. लगेच तोंडांत घालूं नये, कारण सारणांतील साखर वरच्या कवचापेक्षां जास्त वेळ गरम राहते व जीभ पोळते. ह्या बिस्किटांतून तार निघणार नाहीं, हें आम्ही आधींच सांगून ठेवतों. ज्यांना तारेवांचून चैन पडत नाहीं, त्यांनीं शाकाहारी मार्शमॅलो शोधावा. तो चायना ग्राससारख्या समुद्रांतील शेवाळापासून काढलेल्या पदार्थांवर करतात. त्याची तार तितकी लांब होत नाहीं, पण मन मोकळें राहतें. पुड्यावर हिरवें वर्तुळ असेल तर तो शाकाहारी, तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी, ही खूण प्रत्येक मुलास ठाऊक असली पाहिजे.

खर्चाविषयीं एक शब्द. बाहेरून मागविलेला मार्शमॅलो व भारी चॉकलेट आणून भरलेला डबा वर्गांत उघडला म्हणजे, ज्याच्या आईनें दिवसभर कापूस वेचून संध्याकाळीं शंकरपाळे तळले, तें मूल आपला डबा झांकून घेतें. हें आम्हीं पाहिलें आहे. सणाचा पदार्थ दुसऱ्याच्या मुलास खालीं पाहावयास लावणारा नसावा. दोन-चार घरांनीं मिळून सामान आणावें, एका कुकरावर सर्वांचीं बिस्किटें भाजावीं, आणि तीं वांटून घ्यावीं. पूर्वीं दिवाळींत लोक घरचें पीठ, साखर व तूप घेऊन बेकरीवाल्याकडे जात व नानकटाई भाजून आणीत. भट्टी एकाची, आणि डबे साऱ्या आळीचे. ती रीत पुन्हा सुरू करण्यास काय हरकत आहे?

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलांच्या ह्या नव्या हौसेला दडपूं नये व तिला मोकाटही सोडूं नये. पुडा विकत घेण्यापूर्वीं तो मुलाच्या हातीं देऊन त्यावरील जिन्नस मोठ्यानें वाचावयास लावावे. ताट भरण्यापूर्वीं तें कोणाच्या घरीं जाणार हें त्यालाच विचारावें, आणि त्या घरीं काय चालतें व काय चालत नाहीं हेंही त्यानेंच सांगावें. जें मूल शेजाऱ्याचा पथ्यापथ्याचा विचार करून नाताळचें ताट भरतें, त्याला शेजाऱ्यावर प्रेम करण्याविषयींची आज्ञा निराळी पाठ करून घ्यावी लागणार नाहीं. विद्यार्थीमित्रहो, येत्या नाताळांत तुमच्या घरचीं बिस्किटें खुसखुशीत होवोत, आणि रुमालानें झांकलेलें तुमचें ताट गांवांतील कोणत्याही दारीं निःसंकोच पुढें करण्याचें समाधान तुम्हांस लाभो, हीच आमची प्रार्थना.